सुपारीच्या बेटावरचा सुटलेला रोजा

मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याला लागून पेनांग नावाचं बेट आहे. मलय भाषेत 'पिनांग' म्हणजे सुपारी. म्हणजे हे चक्क सुपारीचं बेट. तीन वर्षांपूर्वी भाषांतरावरच्या एका चर्चासत्रासाठी मी आणि आमच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या ताई तिथं गेलो होतो. चर्चासत्र दोन दिवसांचं, आणि रजा जोडून पुढचे चार दिवस फिरायचे. तिकिटं हातात पडल्यावर मी कॅलेंडर पाहिलं, तर रमजान नेमका त्यातच येत होता.

"खाण्यासाठी जगभरातून लोक ज्या गावात येतात, तिथं तू उपाशी फिरणार?" ताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही शाकाहारी फिरणार," मी म्हटलं.

"मग जोडी बरी जमली की!"

निघताना अम्मी दारापर्यंत आल्या. "सफर में हो, बेटा. रोजे बाद में रख लेना," एवढंच म्हणाल्या. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रमजानच्या रोज्यांतून सवलत आहे, सुटलेले दिवस पुढे सवडीनं भरून काढायचे, हे खुद्द कुरआनातच आहे. अशा मागाहून ठेवलेल्या रोज्याला 'कजा' म्हणतात. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण एकदा नियत करून ठेवलेला रोजा मी आजवर अर्ध्यात सोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाही होता. "बघते," असं अम्मींना म्हणाले आणि पहिल्याच पहाटे सहरीला उठून बसले.

सहरी म्हणजे पहाट उजाडण्यापूर्वीचं खाणं. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आणि तिथं सकाळही घड्याळात उशिराच होते. सहाच्या सुमाराला सहरी संपायची, संध्याकाळी साडेसातच्या आसपास इफ्तार. ताईही पाचला उठायच्या. हॉटेलच्या किटलीत दोघींचा चहा करायच्या आणि घरून आणलेला मेथीचा ठेपला माझ्यापुढे सरकवायच्या. "अगं, पोटात धरून राहतो," म्हणायच्या.

'पुआसा?'

विमानतळावरून शहरात नेणारा टॅक्सीवाला साठीचा मलय गृहस्थ होता. तिथं ओळख असो-नसो, वयानं मोठ्या माणसाला 'अंकल' आणि बाईला 'आंटी' म्हणायची रीत आहे. या अंकलनी माझ्या डोक्यावरची ओढणी आरशात पाहिली आणि विचारलं, "पुआसा?"

मला काही उमगेना. 'रोजा' कळला असता, अरबी 'सौम'ही कळला असता. ताईंनीच माझा दंड दाबला. "अगं, उपवास म्हणतोय तो! उपवास आहे का, विचारतोय."

आणि ते खरंच होतं. मलय भाषेतला 'पुआसा' हा आपल्या संस्कृत 'उपवास' शब्दापासून आलेला आहे. एकदा ही चावी सापडल्यावर सहा दिवस आमचा तोच उद्योग झाला. मलय भाषेत धर्माला 'आगामा' म्हणतात, तो आपला आगम. पापाला 'दोसा', तो दोष. भाषेला 'बहासा', स्वर्गाला 'शुर्गा', नरकाला 'नराका'. रोज्याचं जे पुण्य मिळतं, ज्याला आम्ही उर्दूत सवाब म्हणतो, त्याला तिथले मुसलमान 'पहाला' म्हणतात. पहाला म्हणजे फल!

इस्लाम या बेटांवर रुजण्याच्या कितीतरी शतकं आधी व्यापारी, भिक्षू आणि राजदरबार यांच्याबरोबर संस्कृत तिथं पोचली होती. पुढे लोकांचा धर्म बदलला, पण जिभेवरचे शब्द तसेच राहिले. नव्या श्रद्धेनं जुन्याच भांड्यात पाणी भरलं. आम्हा उर्दू बोलणाऱ्यांचा 'रोजा' तरी कुठे अरबी आहे? तो फारसी 'रोज' म्हणजे दिवस या शब्दातून आला. इफ्तारला तिथं 'बुका पुआसा' म्हणतात. 'बुका' म्हणजे उघडणं. उर्दूतही आम्ही रोजा 'खोलतो'. मराठीत मात्र उपास 'सोडतो'. ताई म्हणाल्या, "सोडायला आधी धरावा लागतो. आपण उपास धरतो, म्हणून सोडतो." वर्गात सांगावं असं हे वाक्य मी तेव्हाच वहीत टिपून घेतलं.

एका रस्त्यावर चार दारं

या बेटाचं मुख्य शहर जॉर्जटाउन. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटनं ते वसवलं आणि इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव त्याला दिलं. चीन आणि हिंदुस्थान यांच्या मधलं हे बंदर. त्यामुळे दक्षिण चीनमधले कारागीर, तमिळ मुसलमान व्यापारी, सुमात्राचे आचेनी, अरब, आर्मेनियन अशी सगळी जण आली आणि राहिली. २००८ मध्ये मलाक्का शहराबरोबर जॉर्जटाउनलाही युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जुन्या शहरातल्या एका रस्त्याला हल्ली 'सलोख्याचा रस्ता' म्हणतात. नाव ऐकून मी थोडी सावधच झाले होते. पर्यटन खात्यांना अशी नावं सुचतच असतात. पण चालून पाहिलं तर अंतरं खरोखरच तेवढीच. एका टोकाला सेंट जॉर्जेस चर्च. १८१८ मध्ये पूर्ण झालेलं, पांढऱ्या खांबांचं. कंपनी सरकार हिंदुस्थानातल्या कैद्यांना काळ्या पाण्याची शिक्षा देऊन या बाजूला पाठवत असे, त्या कैद्यांच्या मजुरीतून ते उभं राहिलं. तिथून पाचेक मिनिटांवर करुणेची देवी क्वान यिन हिचं चिनी मंदिर, १८००च्या सुमाराचं. उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरतात. पुढे डावीकडच्या गल्लीत १८३३ चं महामारीअम्मन मंदिर आणि त्याला लागून फुलं, हळद-कुंकू, तमिळ गाणी यांनी भरलेली 'लिटल इंडिया'. त्याच रस्त्यावर पुढे कपितान केलिंग मशीद. तमिळ मुसलमानांचे पुढारी कादर मोहिद्दीन यांनी १८०१ मध्ये ती स्थापन केली. 'कपितान' म्हणजे समाजाचा प्रमुख. 'केलिंग' हा शब्द कलिंगापासून आलेला, पण आज तो भारतीयांना हिणवण्यासाठी वापरला जातो म्हणून तिथले आपले लोक त्यावर नाराज असतात. मशिदीच्या नावात तो जुनेपणामुळे टिकला आहे.

थोडं आणखी पुढे गेलं की आचेह गल्लीतली १८०८ ची मशीद लागते. आगबोटींच्या काळात सुमात्रापासून दक्षिण थायलंडपर्यंतचे हाजी इथं जमायचे, गल्लीतल्या घरांत बोटीची वाट पाहत राहायचे आणि मग जेद्दाला निघायचे. ते ऐकताना मला आमचे दादाजान आठवले. तेही बोटीनंच हजला गेले होते, मुंबईहून. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजं सुटत होती. मुंबईच्या मुसाफिरखान्यात काढलेल्या रात्रींबद्दल दादाजान जेवढं बोलत, तेवढं ते मक्केबद्दलही बोलत नसत.

कावडीवरचा भात, मोदकाची बहीण

आता खाण्याकडे वळते. रमजान आहे म्हणून जॉर्जटाउन दिवसा बंद नसतं. चिनी आणि हिंदू दुकानं चालूच असतात. फक्त मुसलमानानं दिवसा उघड्यावर खाल्लं-प्यायलं तर तिथल्या कायद्यानं दंड होऊ शकतो. ताईंना मात्र दिवसा काहीही खायची मुभा होती आणि तरी त्या माझ्यासमोर पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीतून काढत नसत. तोंड फिरवून एखाद्या खांबाआड जायच्या. "ताई, मला सवय आहे हो, कॉलेजात पोरं समोर वडापाव खातात," असं किती वेळा सांगितलं. ऐकतील तर शपथ.

त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. पालेभाजी म्हणून मागवली तर तिच्यात कोळंबीचं आंबवून वाटलेलं 'बेलाचान' निघायचं. शेवटी क्वान यिनच्या मंदिराजवळ एका चिनी बाईनं वाट दाखवली. तिथले बौद्ध चिनी लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात आणि त्यासाठी वेगळी दुकानं असतात. त्या जेवणात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. ताई पान संपवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चातुर्मास!"

इफ्तारनंतर माझी पाळी. पेनांगची खरी शान 'नासी कंदार'. 'नासी' म्हणजे भात आणि 'कंदार' म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भाताचं आणि दुसऱ्याला कालवणाचं भांडं लावून बंदरावरच्या हमालांना गरम जेवण पोचवायचे. आता कावड गेली, नाव उरलं. भातावर कोंबडी, मासा, भेंडी जे हवं ते घ्यायचं आणि 'बंजिर' म्हणायचं. बंजिर म्हणजे पूर. मग वाढपी चार-पाच रश्शांचा पूर भातावर सोडतो. बरोबर 'तेह तारिक', म्हणजे या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओढलेला दुधाचा चहा. आंबट-तिखट 'आसाम लाक्सा'ही खाल्ला. इथल्या 'आसाम'चा आपल्या आसामशी संबंध नाही, तो शब्द चिंचेसाठी. मासळीचा चिंचेतला रस्सा, जाड शेवया, वर पुदिना. कोकणातल्या माणसाला चव ओळखीची वाटेल.

दुपारी चारनंतर रमजानचे बाजार भरतात. मुर्ताबाक नावाचा खिम्याचा भरलेला पराठा, कोळशावर भाजलेली कोंबडी, गुलाबाच्या सरबतात दूध घातलेलं 'बांडुंग'. याच बाजारात ताईंना त्यांची वस्तू सापडली. तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत माडाचा पातळ गूळ, वरून ओला नारळ. नाव 'ओंदे-ओंदे'. एक तोंडात टाकल्यावर गूळ फुटला आणि ताई क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "उकडीच्या मोदकाची बहीण आहे ही. चार बांधून घे. तुझ्या इफ्तारला."

लाकडी धक्क्यावरची दुपार

चौथ्या दिवशी माझं गणित चुकलं. आदल्या दिवशी आम्ही पेनांग हिलवर गेलो होतो. १९२३ पासून तिथं दोरावर ओढली जाणारी डोंगरगाडी आहे, आणि सुमारे ८३० मीटर उंचीवर हवा चांगली गार असते. वर मशीद आणि मुरुगनचं देऊळ हाकेच्या अंतरावर आहेत. त्या गारव्यानं मी फसले. दुसऱ्या दिवशी सहरीला नीट खाल्लं नाही आणि भर दुपारी समुद्रावरची वस्ती बघायला निघाले.

बंदरालगत चिनी कुटुंबांचे लाकडी धक्के आहेत. एकेका आडनावाचा एकेक धक्का. पाण्यात रोवलेल्या खांबांवर फळ्या आणि फळ्यांच्या दोन्ही बाजूंना घरं. आम्ही गेलो तो च्यू घराण्याचा धक्का. चिनी नववर्षाच्या नवव्या रात्री हे लोक पूजेला उभे ऊस मांडतात, असं तिथं कळल्यावर ताई मला तुळशीच्या लग्नाबद्दल काहीतरी सांगू लागल्या. ते मला अर्धवटच ऐकू आलं. फळ्यांमधून खाली चमकणारं पाणी एकदम वर यायला लागलं आणि मी एका घराच्या कठड्याला धरून खाली बसले.

घरातून सत्तरीची एक आंटी बाहेर आली. तिनं काही न विचारता खुर्ची ओढली, ओला पंचा माझ्या मानेवर ठेवला आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग तिचं लक्ष माझ्या ओढणीकडे गेलं. पेला तसाच हातात धरून तिनं विचारलं, "पुआसा?"

मी मान हलवली. तिनं पेला मागे घेतला नाही आणि पुढेही केला नाही. तशीच उभी राहिली.

ताई माझ्यापुढे उकिडव्या बसल्या. "पी," म्हणाल्या.

"चार तास राहिलेत, ताई. सावलीत बसते. होईल बरं."

"मागच्या आषाढीला मी तापात एकादशी केली आणि स्टाफरूममध्ये पडले, तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस?"

मला आठवत होतं. मी चांगलीच चिडले होते. 'देव काय हजेरीपट घेऊन बसलाय का, ताई?' असं म्हणाले होते, आणि शहाळ्याचं पाणी जबरदस्तीनं त्यांच्या तोंडाला लावलं होतं.

"म्हणाली होतीस ना? मग तुझाही बसलेला नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की मी जे धरून ठेवलं होतं, तो रोजा नव्हताच. 'मी कधी मोडला नाही' हे वाक्य मी धरून ठेवलं होतं. रोजा ज्याच्यासाठी ठेवायचा, त्यानंच आजाऱ्याला आणि मुसाफिराला मोकळीक दिलेली. मी तर आता दोन्ही होते. दिलेली सवलत नाकारणं हीसुद्धा एक प्रकारची मिजासच.

आंटीला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते तिला कळलं असावं. तिनं माझी खुर्ची उंबऱ्याच्या आत ओढून घेतली आणि दाराचा पडदा सोडला. बाहेरून जाणाऱ्या कुणाला दिसू नये म्हणून. मी बिस्मिल्लाह म्हटलं आणि प्याले. ताईंनी पर्समधून मीठ-साखरेची पुडी काढली. आंटीनं सातूचं गार पाणी आणून दिलं. पैसे द्यायला गेले तर तिनं हात झटकून टाकला. मी रडत होते, पण कशासाठी ते मला नीट सांगता आलं नसतं.

मशिदीतली पेज

संध्याकाळी कपितान केलिंग मशिदीत जायचं आधीच ठरलं होतं. मी नको म्हणत होते. रोजाच नाही तर इफ्तारच्या रांगेत कोणत्या तोंडानं बसायचं?

"मी कोणत्या तोंडानं बसणार आहे?" ताई म्हणाल्या. "चल."

या मशिदीत रमजानमध्ये तमिळ पद्धतीची कांजी शिजते. तांदूळ, मेथ्या, आलं-लसूण, थोडं मटण, नारळाचं दूध, आणि मोठ्या पातेल्यात ढवळून ढवळून एकजीव केलेली पेज. दिवसभराच्या उपाशी पोटाला ती जड होत नाही. दुपारपासूनच लोक डबे घेऊन येतात. वाटणारा कुणाला नाव विचारत नव्हता. आमच्यापुढे एक चिनी आजोबा कप्प्यांचा डबा घेऊन उभे होते.

बायकांच्या बाजूला मी अगदी मागे बसले. शेजारच्या तमिळ बाईनं माझ्यापुढे खजूर ठेवला तेव्हा मी तिला मोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, "आज माझा रोजा नाही. दुपारी सोडला." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आमच्या दोघींच्या भाषा निराळ्या, पण एक शब्द सामाईक निघाला. "मुसाफिर," ती म्हणाली आणि कांजीचा वाडगा माझ्याकडे सरकवला. ताईंना त्यात मटण आहे हे हातवाऱ्यांनी कळवून तिनं त्यांच्यापुढे कलिंगडाच्या फोडी ठेवल्या. अजान झाली. सगळ्यांचे हात एकदम तोंडाकडे गेले. ताईंचा हातही अजान होईपर्यंत थांबला होता, हे मला तेव्हा दिसलं.

रमजानमध्ये तिकडे जाणाऱ्या वाचकांना एवढंच सांगेन. रोजा असो वा नसो, सकाळी लवकर फिरा, बारा ते चार सावलीत राहा. मशिदीत जाताना अंगभर कपडे घाला, चपला बाहेर काढा, नमाजाची वेळ टाळा. शाकाहारी असाल तर भाजीत बेलाचान आहे का, हे आधी विचारा. आणि कुणी 'पुआसा?' म्हणून विचारलं तर गोंधळू नका. शब्द आपलाच आहे.

कजा

घरी आल्यावर अम्मींना सगळं सांगितलं. त्या हसल्या. "मैंने क्या कहा था?" एवढंच म्हणाल्या.

सुटलेल्या रोज्यांचा हिशेब वर्षभरात पुरा करायचा असतो. तो एक रोजा मी डिसेंबरमध्ये ठेवला. दिवस लहान, हवा थंड. घरी कुणाला सांगितलंही नव्हतं. कॉलेजात दुपारी ताईंनी चहा पुढे केला तेव्हा सांगावं लागलं.

"आज? अगं, आज माझी एकादशी."

शेवटचा तास संपला, स्टाफरूम रिकामी झाली. ताईंची बस साडेपाचची. ती त्यांनी जाऊ दिली. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पेपर तपासतेय." सहा वाजून गेले आणि गावातल्या मशिदीतून मगरीबची अजान आली. ताईंनी कपाटातून एक लहान डबा काढला. त्यात खजूर होते.

"उपासाला चालतो," त्या म्हणाल्या. "तुझ्याही आणि माझ्याही."

त्यांनी डबा आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि मी पहिला खजूर उचलेपर्यंत थांबल्या.